वाचकांचे प्रश्न : सीमेपलीकडे जाणारे रस्ते कोणाच्या उपयोगाचे?

मागील अंकातील वाहतूक कॉरिडॉरवरील लेखात असे प्रतिपादन होते की, शेजारी देशांना जोडणारे रस्ते, रेल्वेमार्ग आणि पूल हे प्रादेशिक व्यापार वाढवण्याचे आणि त्यातून गरिबी कमी करण्याचे सर्वांत खात्रीशीर साधन आहे. त्यावर पुष्कळ पत्रे आली. काही वाचकांनी मूलभूत शंका विचारल्या आहेत, तर अनेकांनी लेखातील निश्चिंत सुराला हरकत घेतली आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : दोन देशांमधून जाणारा महामार्ग आणि ‘कॉरिडॉर’ यांत नेमका फरक काय? जुनाच रस्ता नवे नाव देऊन पुढे केला जातो, अशी शंका येते.

उत्तर : काही वेळा तसे होतेही. मात्र ही कल्पना मनापासून राबवली जाते तेव्हा तिच्यात डांबर आणि काँक्रीट यांच्याइतकाच भाग करारांचा असतो. आशियाई विकास बँकेच्या पुढाकाराने १९९२ मध्ये मेकाँग नदीच्या खोऱ्यातील देशांचा सहकार्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातून म्यानमारमधील मावलाम्याईंगपासून थायलंड व लाओसमार्गे व्हिएतनाममधील दा नांगपर्यंत सुमारे १,४५० किलोमीटरचा पूर्व-पश्चिम कॉरिडॉर आखण्यात आला. थायलंडमधील मुकदाहान आणि लाओसमधील सावन्नाखेत यांना जोडणाऱ्या मेकाँगवरील पुलाचे उद्घाटन डिसेंबर २००६ मध्ये झाले. नदी ओलांडण्याची सोय झाली, पण ट्रकपुढचे प्रश्न तेथून सुरू झाले. थायलंडमध्ये वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, लाओस आणि व्हिएतनाममध्ये उजव्या बाजूने. शिवाय चालकाचा परवाना पलीकडे ग्राह्य धरला जाणार का, अपघात झाल्यास विमा कोणत्या देशाचा, ट्रकच्या एका आसावर किती वजन चालेल, माल वाटेतच परस्पर विकला जाणार नाही याची हमी कोण देणार, भाजीपाल्याची तपासणी एकदा होणार की दोन्हीकडे वेगवेगळी, या प्रत्येक मुद्द्यावर सरकारांना सहमती घडवावी लागते. लाओस, थायलंड आणि व्हिएतनाम यांनी यासाठीचा करार १९९९ मध्येच केला होता. परंतु त्याची सर्व परिशिष्टे मान्य होऊन तो नाक्यावरच्या कारकुनाच्या टेबलापर्यंत पोहोचायला पूल बांधण्यापेक्षा अधिक काळ लागला.

या बाबतीत जगाला फार पूर्वीपासून उपलब्ध असलेली एक व्यवस्था म्हणजे १९७५ चा टीआयआर करार, म्हणजे रस्त्याने होणाऱ्या आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीचा करार. त्यानुसार माल निघतो तेथेच ट्रकला सील लावले जाते, शुल्काची हमी आंतरराष्ट्रीय साखळीमार्फत दिली जाते आणि मधल्या देशांतील सीमाशुल्क अधिकारी सामान्यतः सील आणि कागद पाहून ट्रक पुढे सोडतात. साधी वाटणारी ही तरतूद नसेल, तर चौपदरी रस्तासुद्धा सीमेवर येऊन एका फाटकापाशी थांबतो.

प्रश्न : अशा मार्गांमुळे व्यापार खरोखर वाढतो, की आधीच होत असलेला व्यापार केवळ एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर येतो?

उत्तर : दोन्ही घडते, आणि सरकारी आकडेवारीत ते बहुधा एकत्रच मोजले जाते. इथिओपियाचे उदाहरण घ्यावे. १९९८ मध्ये इरिट्रियाशी युद्ध भडकल्यावर इथिओपियाची इरिट्रियातील असाब बंदरातून होणारी वाहतूक बंद पडली आणि ती जवळजवळ संपूर्णपणे शेजारच्या जिबुती या देशाच्या बंदराकडे वळली. त्यानंतर जिबुतीच्या वाढलेल्या उलाढालीकडे पाहून कोणी कॉरिडॉरच्या यशाचा निष्कर्ष काढला, तर असाबच्या ओस पडलेल्या धक्क्यांचा हिशोब त्यातून सुटतो.

तरीही नवा व्यापार निर्माण होतो, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि त्याचे मुख्य कारण अंतरापेक्षा वेळ हे आहे. अमेरिकेच्या आयातीवरील एका प्रसिद्ध अभ्यासात असे आढळले की, माल वाटेत असण्याचा प्रत्येक दिवस हा मालाच्या किमतीवर ०.६ ते २.१ टक्के कर लावण्यासारखा ठरतो. दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार, माल जहाजावर चढण्यापूर्वी होणाऱ्या विलंबाचा प्रत्येक अधिकचा दिवस व्यापार एक टक्क्याहून अधिक कमी करतो. समुद्रकिनारा नसलेल्या विकसनशील देशांची संख्या ३२ आहे. त्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बोचरा आहे, कारण त्यांच्या मालाला निदान एका परक्या देशाची भूमी ओलांडावीच लागते. २००१ मधील एका बहुचर्चित अभ्यासाने दाखवले की, भूवेष्टित देशाचा वाहतूक खर्च किनारा असलेल्या देशापेक्षा साधारणतः निम्म्याने जास्त असतो.

विलंब म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर भारत-बांगलादेश सीमेवरील पेट्रापोल-बेनापोल हा नाका पाहावा. भारतीय ट्रक पेट्रापोलच्या अलीकडे वाहनतळांवर क्रमांक लागण्याची वाट पाहत उभा राहतो, पुढे बेनापोलच्या आवारात जाऊन माल उतरवतो, आणि तोच माल तेथे बांगलादेशी ट्रकवर पुन्हा चढवला जातो. २०२१ मध्ये जागतिक बँकेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले होते की, ही सीमा ओलांडायला कित्येक दिवस लागतात. तेवढीच वर्दळ असलेल्या पूर्व आफ्रिकेतील सीमा सहा तासांच्या आत ओलांडल्या जातात. त्याच अहवालातील आणखी एक निरीक्षण असे की, भारतातील कंपनीला बांगलादेशातील कंपनीशी व्यवहार करण्यापेक्षा ब्राझील किंवा जर्मनीतील कंपनीशी व्यवहार करणे १५ ते २० टक्क्यांनी स्वस्त पडते. शेजार असा असेल, तर रस्त्याची रुंदी वाढवून फारसे काही साधणार नाही.

नाक्यावरची व्यवस्था बदलली की काय होते, याचे उदाहरण झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्यामधील चिरुंडू येथे सापडते. डिसेंबर २००९ मध्ये तेथे आफ्रिकेतील पहिला एकथांबी सीमानाका सुरू झाला. दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत बसू लागले. ट्रकला दोनदा रांगेत उभे राहण्याची गरज उरली नाही आणि दिवसांत मोजला जाणारा खोळंबा बराच खाली आला. नदी तीच होती आणि त्यावरचा पूलही तोच.

प्रश्न : व्यापार वाढला की रोजगार वाढणार आणि रोजगार वाढला की गरिबी कमी होणार, हे उघड नाही का? त्यात वादाचा मुद्दा कोणता?

उत्तर : ही साखळी जेवढी सरळ दिसते तेवढी नाही, तिच्यातील प्रत्येक कडी कोणत्या अटीवर टिकते, ते पाहावे लागते.

अनुकूल पुराव्यापासून सुरुवात करू. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात टाकलेल्या रेल्वेचा सविस्तर आर्थिक अभ्यास झाला आहे. ती रेल्वे लोककल्याणासाठी बांधली गेली नव्हती, हे जगजाहीर आहे. तरीही ज्या जिल्ह्यांत ती पोहोचली तेथील शेतीचे वास्तव उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी वाढल्याचे आढळते. शिवाय पाऊस न पडल्यास दुष्काळबळी जाण्याचा धोका रेल्वे पोहोचलेल्या भागांत घटला, कारण एका भागातील टंचाई दुसऱ्या भागातील धान्याने भरून निघू लागली. गरिबाच्या दृष्टीने हा दुसरा परिणाम पहिल्यापेक्षा कमी महत्त्वाचा मानता येणार नाही.

आता प्रतिकूल पुरावा. चीनने १९९० च्या दशकात आणि त्यानंतर मोठ्या शहरांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्गांचे जाळे उभारले. या महामार्गांवर योगायोगाने येऊन पडलेल्या लहान परगण्यांमध्ये औद्योगिक उत्पादनाची वाढ, महामार्ग न पोहोचलेल्या तशाच परगण्यांपेक्षा मंदावलेली आढळली. रस्ता दोन्ही दिशांना चालतो. मोठ्या शहरातील स्वस्त माल लहान गावात पोहोचतो, तेथील छोटे कारखाने स्पर्धेत टिकत नाहीत आणि उद्योग मोठ्या केंद्राकडे सरकतो. त्या परगण्यातील ग्राहकाला स्वस्त वस्तू मिळाली हे खरे. पण तो ग्राहक त्याच बंद पडलेल्या कारखान्यातील कामगार असेल, तर हिशोब बदलतो. भारतातील प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या रस्त्यांवरील अभ्यासाचा निष्कर्षही विचार करायला लावणारा आहे. रस्ता झाल्यानंतर सुमारे चार वर्षांनी गावातील माणसे शेती सोडून इतर कामांकडे वळलेली दिसली, परंतु शेतीचे उत्पादन, उत्पन्न किंवा घरातील मालमत्ता यांत मोठा फरक आढळला नाही. हे देशांतर्गत रस्ते आहेत, हे मान्य. पण सीमापार मार्गांना वेगळे अर्थशास्त्र लागू होते, असे समजण्याचे कारण नाही.

मग एका मार्गाचा लाभ गरिबापर्यंत जातो आणि दुसऱ्याचा जात नाही, असे का घडते? आमच्या मते याचे उत्तर मोठ्या प्रमाणात एका साध्या प्रश्नात आहे : मार्गालगत राहणाऱ्या माणसाला त्या मार्गावर चढता येते का?

टांझानिया आणि झांबिया यांना जोडणारी ताझारा रेल्वे या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. चीनच्या मदतीने १९७० ते १९७५ या काळात बांधलेला, दार-एस-सलाम ते कापिरी म्पोशी असा सुमारे १,८६० किलोमीटरचा हा मार्ग आखला गेला तो झांबियाचे तांबे ऱ्होडेशिया (आजचे झिम्बाब्वे) आणि दक्षिण आफ्रिका टाळून समुद्रापर्यंत नेण्यासाठी. तांब्याच्या वाहतुकीत या रेल्वेने नियोजकांच्या अपेक्षा कधीच पूर्ण केल्या नाहीत आणि आर्थिकदृष्ट्या ती सतत अडचणीत राहिली. परंतु टांझानियातील किलोम्बेरो खोऱ्यात लहान लहान थांब्यांवर थांबत जाणारी साधी प्रवासी गाडी शेतकऱ्यांची आणि किरकोळ व्यापाऱ्यांची झाली. तांदळाची पोती, केळ्यांचे घड, मक्याच्या गोण्या डब्यात चढवून माणसे पुढच्या स्थानकावर विकू लागली, आणि थांब्यांभोवती वस्त्या वाढल्या. ताळेबंदात तोट्याचा दिसणारा मार्ग वाटेवरच्या माणसाला उपयोगी पडला, कारण गाडी त्याच्यासाठी थांबत होती. याच्या उलट, एका खाणीपासून एका बंदरापर्यंत विनाथांबा धावणाऱ्या मालगाडीचा ताळेबंद उत्तम असू शकतो आणि वाटेवरच्या खेड्याला तिच्याकडून फक्त आवाज मिळतो.

मापुटो कॉरिडॉरवरही असाच आक्षेप घेतला गेला. दक्षिण आफ्रिकेतील औद्योगिक पट्टा आणि मोझाम्बिकमधील मापुटो बंदर यांना जोडणारा हा मार्ग यादवी युद्धानंतर १९९० च्या दशकाच्या मध्यात पुन्हा उभा करण्यात आला. पथकर महामार्गाचे कंत्राट १९९७ मध्ये दिले गेले आणि मापुटोजवळील मोझाल या ॲल्युमिनियम प्रकल्पातून २००० मध्ये उत्पादन सुरू झाले. मोझाम्बिकची निर्यात एकदम उंचावली. पण ॲल्युमिनियम वितळवण्याच्या धंद्याला वीज आणि भांडवल भरपूर लागते, माणसे थोडी. त्यामुळे निर्यातीचे आकडे ज्या वेगाने वाढले, त्या वेगाने रोजगार वाढला नाही. मोझाल नको होता, असे आमचे म्हणणे नाही. निर्यातीच्या आकड्यावरून गरिबीविषयी निष्कर्ष काढू नये, एवढेच म्हणायचे आहे.

प्रश्न : रस्ता सुधारला की इंधन वाचते, टायर कमी झिजतात, फेऱ्या वाढतात. तरीही ट्रकचे भाडे कमी होत नाही, असे का?

उत्तर : कारण वाहतूकदाराचा खर्च आणि तो आकारत असलेले भाडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००९ मध्ये जागतिक बँकेने आफ्रिकेतील आंतरराष्ट्रीय मार्गांवरील वाहतूक खर्चाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले की, ट्रक चालवण्याचा प्रत्यक्ष खर्च युरोपच्या तुलनेत तेथे फार जास्त नाही. भाडे मात्र बरेच जास्त आहे, विशेषतः मध्य आणि पश्चिम आफ्रिकेत. मधला फरक वाहतूकदार संघटना, परवाने देणारी कार्यालये आणि नाक्यानाक्यावरची वसुली यांच्यात वाटला जातो.

ही व्यवस्था कशी चालते, ते पाहण्यासारखे आहे. कॅमेरूनमधील दुआला बंदरात चाडसाठी माल उतरला की त्यातील ६५ टक्के चाडच्या ट्रकना आणि ३५ टक्के कॅमेरूनच्या ट्रकना मिळावा, असा दोन देशांमधील करार. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकासाठी हेच प्रमाण ६० आणि ४०. माल कोणत्या ट्रकवर चढणार, हे पाठवणारा व्यापारी ठरवत नाही. ज्याचा क्रमांक लागला असेल त्याला तो मिळतो. त्यामुळे नवा ट्रक घेऊन, वेळ पाळून, भाडे कमी करून धंदा मिळवण्याला अर्थ उरत नाही. जुना, मोडकळीला आलेला ट्रक क्रमांक येईपर्यंत उभा राहतो आणि महिन्यात होणाऱ्या त्या मोजक्या फेऱ्यांमधून वर्षाचा खर्च काढावा लागत असल्यामुळे भाडे चढेच राहते. अशा ठिकाणी कर्ज काढून रस्ता गुळगुळीत केला, तर वाचलेल्या इंधनाचे पैसे वाहतूकदारांच्या संघटनेकडे जातात. रवांडाने १९९४ नंतर भाड्यावरील नियंत्रण काढून टाकले तेव्हा दर उतरले, आणि ट्रकधंदा बुडण्याऐवजी वाढला.

आम्हांला हा भाग या विषयातील सर्वांत दुर्लक्षित भाग वाटतो. पुलाचे उद्घाटन करता येते, परवाना पद्धतीच्या दुरुस्तीचे करता येत नाही, हेही त्यामागचे एक कारण असावे.

प्रश्न : या सगळ्या चर्चेत कंटेनर आणि ट्रकच दिसतात. डोक्यावर पाटी घेऊन सीमा ओलांडणाऱ्या बायकांचे काय?

उत्तर : प्रश्न अगदी योग्य आहे. आफ्रिकेत अशा अनौपचारिक सीमापार व्यापारात स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे, आणि गरिबीचा विचार करताना एका कंटेनरपेक्षा अशा शंभर पाट्यांना अधिक महत्त्व द्यावे लागेल.

केनिया आणि युगांडा यांच्या सीमेवरील बुसियासारख्या ठिकाणी एखादी स्त्री टोमॅटो, अंडी किंवा मका घेऊन निघते तेव्हा तिच्यापुढे दोन वाटा असतात. नाक्यावरून गेल्यास उगमाचे (माल कोणत्या देशात पिकला वा बनला ते सांगणारे) प्रमाणपत्र, आरोग्य तपासणी, अर्ज हे सारे आले; त्यात मोडणारा दिवस आणि द्यावी लागणारी चिरीमिरी मिळून टोपलीचा नफा संपतो. आडवाटेने गेल्यास माल जप्त होण्याची, आणि त्याहून वाईट म्हणजे अंगावर हात टाकला जाण्याची भीती. पूर्व आफ्रिकी समुदायाने यावर सुलभ प्रमाणपत्राची सोय केली : २,००० डॉलरपर्यंतचा, समुदायातच पिकलेला वा बनलेला ठरावीक यादीतील माल असेल, तर नाक्यावरच एक छोटा अर्ज भरून शुल्काविना जाता येते. आफ्रिका खंडाच्या पूर्व आणि दक्षिण भागांतील देशांच्या ‘कोमेसा’ या सामायिक बाजारपेठेतही अशीच सुलभ पद्धत आहे. अडचण अशी की, आपल्या टोपलीवर मुळात शुल्कच नाही हे पुष्कळ स्त्रियांना कोणी सांगितलेले नसते. ज्या नाक्यांवर तक्रार घेणारा आणि माहिती देणारा माणूस बसवला गेला तेथे या तरतुदीला काही अर्थ आला; इतरत्र ती भिंतीवरच्या फलकावर राहिली.

भारत आणि बांगलादेश यांच्या सीमेवर २०११ पासून सुरू झालेले सीमा हाट हा वेगळ्या प्रकारचा प्रयोग आहे. मेघालयातील कालाईचर येथे पहिला हाट सुरू झाला. आठवड्यातील ठरलेल्या दिवशी परिसरातील गावकऱ्यांनी ठरावीक मर्यादेपर्यंत स्थानिक माल खरेदी करायचा, त्यावर शुल्क नाही. उलाढाल नगण्य म्हणावी एवढी. परंतु तिचा लाभ ज्यांना होतो ते खरोखरच सीमेवरचे गरीब लोक आहेत.

प्रश्न : अशा मार्गांमुळे कोणाचे नुकसान होते?

उत्तर : ज्यांची जमीन जाते त्यांचे नुकसान उघड दिसते आणि निदान कागदावर तरी त्याची भरपाई असते. न दिसणारे नुकसान खोळंब्यावर जगणाऱ्यांचे होते. जेथे ट्रक तीन दिवस अडकून पडतो तेथे हमाल, खानावळी, रात्रीचे राखणदार, पैसे बदलून देणारे, अर्ज लिहून देणारे, पंक्चर काढणारे अशी एक वस्ती उभी राहते. खोळंबा तीन तासांवर आला की देशाचा फायदा होतो, या वस्तीचे उत्पन्न आटते. दिरंगाई चालू ठेवण्यासाठी हा युक्तिवाद होऊ शकत नाही, पण नाक्याच्या आधुनिकीकरणाच्या खर्चात या माणसांसाठी काही तरतूद असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. दुसरीकडे, ट्रकचालक दिवसचे दिवस घरापासून दूर अडकून पडत असलेले थांबे आफ्रिकेत एचआयव्हीच्या प्रसाराची ठिकाणे ठरले होते. म्हणजे खोळंबा कमी होण्याचा एक लाभ आरोग्याच्या खात्यावरही जमा करावा लागतो.

कधी कधी नियमातील बदल एका बाजारपेठेचाच पाया हलवतो. किर्गिझस्तानातील दोर्दोई आणि कारा-सू या प्रचंड बाजारांत चीनमधून आलेले कपडे व इतर माल कझाकस्तान, उझबेकिस्तान आणि रशियाकडे पुन्हा विकला जाई, आणि हजारो कुटुंबे त्यावर जगत. २०१० मध्ये रशिया, कझाकस्तान व बेलारूस यांचा सीमाशुल्क संघ (आपसांत शुल्क नाही, बाहेरच्या मालावर सर्वांचे एकच शुल्क) झाला, किर्गिझस्तान त्याबाहेर राहिला आणि या फेरविक्रीला मोठा फटका बसला. रस्त्यांत काहीच बदल झालेला नव्हता. पुढे २०१५ मध्ये किर्गिझस्तान याच संघातून उभ्या राहिलेल्या युरेशियन आर्थिक संघात सामील झाला, परंतु जुन्या धंद्याला जे स्वस्त शुल्क पोसत होते ते तेव्हा संपले होते.

प्रश्न : शेजाऱ्याशी संबंध बिघडले तर? गरीब देशाने आपले पोट अशा मार्गावर अवलंबून ठेवावे का?

उत्तर : भूवेष्टित देशाला ही निवड फारशी उपलब्ध नसते. २०१५ च्या भूकंपातून नेपाळ सावरत असतानाच सप्टेंबरपासून काही महिने त्याच्या दक्षिण सीमेवरील वाहतूक ठप्प झाली. इंधन, स्वयंपाकाचा गॅस आणि औषधे यांची टंचाई झाली आणि काळ्या बाजारातील भाव ज्यांना परवडत नव्हते त्यांनी चुली पेटवल्या. नेपाळने २०१६ मध्ये चीनशी पारगमन (दुसऱ्या देशाच्या भूमीतून माल ने-आण करण्याचा) करार केला तो या अनुभवानंतर. अटारी-वाघा मार्गावर फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावले आणि ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापारच थांबवला, तेव्हा अटारीच्या हमालांचे आणि ट्रकमालकांचे काम गेले. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशच्या निर्यातीला भारतीय विमानतळ व बंदरांमार्गे तिसऱ्या देशात जाण्यासाठी दिलेली सवलत काढून घेतली, आणि त्याच महिन्यात बांगलादेशने जमिनीवरील नाक्यांतून येणाऱ्या भारतीय सुताची आयात थांबवली. प्रत्येक सरकारकडे आपापली कारणे असतात. व्यवहारी मार्ग एवढाच की, शक्य तेथे दुसरी वाट खुली ठेवावी आणि पारगमनाची हमी एखाद्या सरकारच्या मर्जीवर न ठेवता करारात बांधावी.

प्रश्न : हे मार्ग कर्जातून उभे राहतात. कर्ज फेडण्याइतका फायदा होतो का?

उत्तर : सर्वांना होत नाही. चीनच्या ‘बेल्ट अँड रोड’ उपक्रमातील वाहतूक प्रकल्पांवर जागतिक बँकेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा अंदाज असा होता की, सर्व प्रकल्प पूर्ण झाल्यास जगभरात ७६ लाख लोक अतिगरिबीतून आणि ३ कोटी २० लाख लोक मध्यम गरिबीतून बाहेर येऊ शकतील. हा आकडा वारंवार सांगितला जातो. त्याच अभ्यासात पुढे असेही आहे की, मंगोलिया, अझरबैजान आणि ताजिकिस्तान यांच्या बाबतीत पायाभूत सुविधांचा खर्च लाभापेक्षा अधिक ठरतो. ते सहसा सांगितले जात नाही. लाओसने डिसेंबर २०२१ मध्ये चीनच्या सीमेपासून राजधानी व्हिएन्तिआनपर्यंतची, ४०० किलोमीटरहून अधिक लांबीची रेल्वे सुरू केली. तिला सुमारे ६ अब्ज डॉलर लागले. लाओससारख्या छोट्या अर्थव्यवस्थेसाठी हे ओझे किती आहे, ते वेगळे सांगायला नको. मार्ग लाओसच्या भूमीतून जातो, पण त्यावरील माल मुख्यतः चीन आणि थायलंड यांच्यातच जात-येत राहिला, तर लाओसच्या वाट्याला पारगमनाचे शुल्क आणि कर्जाचे हप्ते येतील.

प्रश्न : एखादा नवा कॉरिडॉर जाहीर झाला की सामान्य वाचकाने त्याविषयीची माहिती कशी पारखावी?

उत्तर : जाहीर झालेल्या लांबीकडे आणि खर्चाकडे थोडे दुर्लक्ष करून, वाटेत चढण्या-उतरण्याच्या जागा किती आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या गावरस्त्यांसाठी पैसे ठेवले आहेत का, हे पाहावे. परतीचा ट्रक भरून येणार की रिकामा, याचाही विचार करावा. एकाच दिशेने माल जात असेल तर दोन्ही फेऱ्यांचे भाडे त्याच मालावर पडते. ट्रकधंद्यात नव्या माणसाला शिरता येते का आणि छोट्या व्यापाऱ्यासाठी नाक्यावर वेगळी सोय आहे का, या प्रश्नांची उत्तरे प्रकल्पाच्या माहितीपत्रकात क्वचितच सापडतात, पण स्थानिक बातम्यांत सापडू शकतात.

मोजमापाबाबत एक सूचना. मध्य आशियातील प्रादेशिक सहकार्य कार्यक्रमात ट्रकचालकांकडून प्रत्येक थांब्यावर गेलेला वेळ आणि द्यावे लागलेले पैसे, अधिकृत आणि अनधिकृत दोन्ही, नियमितपणे नोंदवून घेतले जातात. ही पद्धत उत्तम आहे आणि इतर प्रदेशांनी ती उचलावी. तिच्या जोडीला मार्गापासून पाच, वीस आणि पन्नास किलोमीटरवर असलेल्या गावांत शेतमालाला बांधावर मिळणारा भाव आणि मिठासारख्या बाहेरून येणाऱ्या वस्तूंची किंमत नोंदवली गेली, तर लाभ कुठपर्यंत पोहोचला हे कळेल. मात्र ही नोंद काम सुरू होण्यापूर्वीपासून ठेवावी लागते. पूल खुला झाल्यावर ती सुरू केली, तर तुलनेसाठी आधीचे काही हाती राहत नाही.